तरलेला पुन्हा बुडतो का?

"काका, तारण एकदा मिळालं की जात नाही, ही तुमची शिकवण मला फार सोयीची वाटते. माणूस विश्वास धरतो, बाप्तिस्मा घेतो, वीस वर्षं उपासनेला पहिल्या बाकावर बसतो. मग एक दिवस येणं बंद करतो. घरात पुन्हा देव्हारा मांडतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, ते सगळं आता संपलं. अशा माणसाबद्दल तुम्हाला दोनच गोष्टी सांगता येतात. एक म्हणजे तो अजून तरलेलाच आहे. मग विश्वास नसला तरी चालतं असं होतं. दुसरी म्हणजे त्याचं तारण कधी झालंच नव्हतं. मग त्याची वीस वर्षं खोटी ठरतात, आणि आज पहिल्या बाकावर बसणाऱ्या तुमची तरी खरी कशावरून? इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ज्यांच्या पतनाची भीती घातली आहे, ते काही वरवरचे लोक नाहीत. त्यांना प्रकाश मिळाला होता, पवित्र आत्म्याचा वाटा मिळाला होता. ढोंग्याचं असं वर्णन कुणी करत नाही."

बोलणाऱ्या बाई वकील आहेत, मंडळीत शंकेखोर म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि त्यांना या प्रसिद्धीचं वाईट वाटत नाही. ऐकणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीत एल्डर राहिलेले, खात्रीवाले. दोघेही लोणावळ्याचे. या गावाच्या जुन्या गॅझेटियरमधल्या नोंदीत रेल्वेचा इंजिन कारखाना, रेल्वेची शाळा आणि प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनामंदिरं एकाच दमात येतात. तेव्हा हा वाद इथे चालावा यात नवल काही नाही.

काका म्हणाले, "अगं, तू सहावा अध्याय काढलास, मी योहानाचा दहावा काढतो. मेंढरं मेंढपाळाच्या हातात आहेत आणि त्या हातातून कुणी ती हिसकावून घेऊ शकत नाही, असं तिथे आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने मरणापासून भविष्यापर्यंत सगळ्याची यादी केली आणि म्हटलं, यांतलं काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. मी कुणाच्या हातात आहे, हा मुख्य प्रश्न. माझी पकड किती घट्ट, हा नंतरचा. मी आयुष्यभर घाटातल्या गाड्या पाहिल्या. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. तिथून लोणावळ्यापर्यंत गाडी चढते ती डब्याच्या हिमतीवर चढते का? समजा मधेच कपलिंग सुटलं, तरी डबा मागे पळत नाही, कारण मागे ढकलणारा उभा असतो. माझा विश्वास म्हणजे ते कपलिंग. ते करकरतं, सैल होतं, हे मी नाकारत नाही. पण मला वर आणणारं ते नाही."

"ठीक. पण घाटात मंकी हिलला गाडी थांबते तेव्हा दार उघडून कुणी आपल्या पायाने खाली उतरला, तर बँकर काय करणार?" बाईंनी लगेच विचारलं. "हिसकावून नेणं वेगळं आणि उतरून जाणं वेगळं. योहानाच्या दहाव्या अध्यायात चोर आणि लांडगा यांच्यापासून संरक्षण आहे. मेंढराच्या स्वतःच्या हट्टापासून आहे का? पौलाच्या यादीत मरण आहे, जीवन आहे, देवदूत आहेत, सत्ता आहेत. माणसाचं स्वतःचं मन नावाने कुठे आहे ते दाखवा."

काका हसले. "त्या यादीच्या शेवटी सगळीच सृष्टी येते. मी सृष्टीबाहेरचा आहे का?"

हे उत्तर चलाख आहे. बाईंनाही ते आवडलं, पण त्यांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं की एवढा मोठा मुद्दा यादीच्या शेवटच्या शब्दावर तोलून धरावा लागत असेल, तर निदान खात्रीचा आवाज थोडा खाली यायला हवा. आणि मग त्यांनी काकांना इतिहासात ओढलं.

"तुमची ही खात्री ज्या कागदांवर उभी आहे त्यांच्या तारखा आहेत. हॉलंडमधली डॉर्टची सभा 1618-19 ची, वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा 1647 चा. स्कॉटिश मिशनरी तो विश्वासनामा घेऊन मुंबईत आले. पण डॉर्टची सभा ज्यांच्याविरुद्ध भरली, त्या आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये काय लिहून दिलं होतं? विश्वासणारा पडू शकतो असं त्यांनी ठाम म्हटलंच नव्हतं. हा मुद्दा शास्त्रातून आणखी तपासल्याशिवाय आम्ही शिकवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तपासायला वेळ मागणाऱ्यांना सभेने बाहेर काढलं! मला तर या सगळ्या वादात ते 1610 चं निवेदन सर्वांत प्रामाणिक वाटतं. पुढे वेस्लीने स्पष्ट सांगितलं की माणूस कृपेपासून पडू शकतो, आणि मेथडिस्टांनी ते उचललं. मुक्तिफौज 1882 च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरावर उतरली. तिच्या अकरा तत्त्वांतलं नववं याच विषयावर आहे. ख्रिस्तावरचा आज्ञाधारक विश्वास चालू राहील तोवर तारणाची अवस्था चालू राहील, असा त्याचा आशय. म्हणजे स्कॉटिश मिशनच्या बाकावर बसलेला सुरक्षित, आणि मुक्तिफौजेच्या फ्रेडरिक टकरच्या ढोलामागे गाणारा रोजंदारीवर! दोघांचा देव एक, पुस्तक एक, शहर एक."

"रोजंदारी म्हणू नकोस," काका म्हणाले. "टकर सरकारी अधिकारी होता, नोकरी सोडून भगवी वस्त्रं घालून अनवाणी फिरला. त्याच्या मनात मजुरीचा हिशेब नसणार. पण तू नागपूर विसरलीस. 29 नोव्हेंबर 1970. उत्तर भारताची मंडळी तिथे स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आधीच एकत्र झालेले ते आले, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आले आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही आले. तारण जातं म्हणणारे आणि जात नाही म्हणणारे एका छपराखाली बसले, एका भाकरीतून खाऊ लागले. आपल्या मंडळीत माझ्या शेजारी जो बसतो त्याचा आजा वेस्लीवाला होता. आमची भांडणं झाली ती सगळी छपराच्या पत्र्यांवरून आणि हिशेबावरून. यावरून एकदाही नाही."

"कारण कुणी विचारलंच नाही."

"किंवा कारण जगायला दोन्ही शिकवणी सारख्याच पडतात. मी म्हणतो, खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो. तू म्हणतेस, शेवटपर्यंत टिकलास तर तरशील. दोघांनाही टिकायचंच आहे ना?"

बाईंना हे पटलं नाही, आणि त्यांच्या न पटण्यात दम आहे. त्यांच्या मते फरक गेलेल्या माणसाबद्दल नाहीच. जो निघून गेला तो मुळात आपला नव्हता, असं योहानाच्या पहिल्या पत्रासारखं म्हणा, किंवा पौलाला सोडून गेलेल्या देमासासारखा तो जगाच्या प्रेमात पडला म्हणा. रिकामा बाक रिकामाच. फरक पडतो तो बाकावर बसून ज्याची झोप उडाली आहे त्याच्या बाबतीत. त्याला काका सांगणार, तू सुरक्षित आहेस. तो विचारणार, मी खरा असेन तर ना? आणि तिथे काकांची खात्री एक पायरी मागे सरकते. "वेस्टमिन्स्टरवाल्यांनाही हे ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "सतराव्या प्रकरणात ते म्हणतात तारण जात नाही, आणि लगेच अठराव्यात कबूल करतात की तारणाची खात्री मात्र डळमळते, झाकोळते. म्हणजे तिजोरी सुरक्षित आहे, फक्त ती माझी आहे की नाही हे अधूनमधून कळत नाही!"

यावर काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पंडिता रमाबाईंचा विषय काढला.

"रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात, वाँटेजला झाला. बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या का? त्रैक्यावरून वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद झाला! समजल्याशिवाय मान डोलवणार नाही, हा त्यांचा बाणा. मग 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते आपल्याच घाटातून पुण्याला. आणि 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे 1891 च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळायचा आहे. आता तुझ्या भाषेत सांग, त्या आठ वर्षांत रमाबाईंनी काय गमावलं? काहीच नाही. त्यांना जे मिळायचं होतं ते मिळायला वेळ लागला. बाप्तिस्मा ही पावती नव्हे, एवढंच माझं म्हणणं. गेलेली माणसं पाहून तुम्ही म्हणता तारण गेलं. मी म्हणतो, कदाचित ते अजून यायचं आहे."

"काका, तुम्ही माझंच काम केलंत," बाई म्हणाल्या. "1884 साली रमाबाईंना कुणी विचारलं असतं, बाई, तुम्ही ख्रिस्ती आहात ना, तर त्यांनी काय सांगितलं असतं? ज्या बाईने स्वतःच्या समाजाचा रोष अंगावर घेतला, ती हो म्हणाली असती, आणि खोटं बोलली नसती. तिला तेव्हा जेवढी खात्री होती तेवढीच तुम्हाला आज आहे. आठ वर्षांनी तिला कळलं की ती खात्री पुरेशी नव्हती. मग तुमची पुरेशी आहे हे तुम्हाला आठ वर्षं थांबल्याशिवाय कसं कळणार? आणि पुढे 1905 मध्ये केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे जागरण झालं, तिथे रडून पापं कबूल करणाऱ्यांत आधीच विश्वासात आलेल्या मुली होत्या. ज्यांना पुन्हा जागं करावं लागलं, त्या झोपल्या होत्या की गेल्या होत्या, हे जागं करणाऱ्यालाही सांगता येणार नाही."

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. रमाबाईंचं उदाहरण दोघांनी दोन बाजूंना ओढलं, पण रमाबाईंनी स्वतः त्या आठ वर्षांना खोटं म्हटलं नाही, अपुरं म्हटलं. खोटं आणि अपुरं यांच्यामधल्या जागेसाठी डॉर्टच्या सभेकडेही कप्पा नव्हता आणि वेस्लीकडेही फारसा नाही.

काकांचा पुढचा मुद्दा जास्त मुळाशी जाणारा होता. "तुला एक कळत नाही, पोरी. आपल्या लोकांना ही शिकवण प्रिय का झाली? 1843 चं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण घे. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. श्रीपत बारा-एक वर्षांचा, मिशनरी नेस्बिटच्या घरी राहिला. बापाने कोर्टात जाऊन पोरगा परत मिळवला. पण परत मिळवून उपयोग काय? मुलाने मिशनऱ्याच्या घरचं अन्न खाल्लेलं! त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं असं बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, तर मुंबईच्या ब्राह्मणांत उभी फूट पडली. बाळशास्त्र्यांवरच बहिष्काराची पाळी आली. म्हणजे एका पोराच्या चार घासांनी त्याचं सगळं गेलं होतं, आणि ते परत द्यायचं की नाही हे शहरातले प्रतिष्ठित ठरवत होते. अशा जगातून आलेल्या माणसाला पाळक सांगतो की देवाने तुला धरलं आहे आणि ते तुझ्या ताटावर अवलंबून नाही. त्याला केवढा मोकळा श्वास मिळाला असेल! तू म्हणतेस ते तारण, जे जाऊ शकतं, त्यात मला पुन्हा जातीचा वास येतो. बाटण्याची भीती नव्या कपड्यांत."

"तुमच्या मंडळीने काय केलं मग?" बाईंचा आवाज चढला. "प्रत्येक मंडळीत रजिस्टर आहे. बाप्तिस्म्याची नोंद, सभासदांची यादी. दुसरं लग्न केलं, दारू प्यायली, जत्रेला गेला, की प्रभुभोजन बंद. किती जणांचं बंद झालं ते तुम्ही एल्डर होतात, तुम्हाला माहीत. तुमची शिकवण म्हणते काही गेलं नाही आणि तुमची वही म्हणते नाव खोडलं. जातपंचायतीने निदान आपण काय करतो ते लपवलं नाही."

काकांनी हे मानलं. शिस्त आणि तारण या वेगळ्या गोष्टी आहेत, पण ज्याचं प्रभुभोजन बंद होतं त्याला तो वेगळेपणा दिसत नाही, असं ते म्हणाले. आणि मग त्यांनी टिळकांचं नाव घेतलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. त्या तुकारामांचा भंडारा डोंगर मावळातच, इंदुरीच्या बाजूला. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुष्कळ वर्षं, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार'. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या शिष्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा. "टिळकांनी वहीच बाजूला ठेवली," काका म्हणाले. "मला ते आधी धाडसाचं वाटायचं. आता वाटतं, त्यांना माहीत होतं की ख्रिस्ताला धरलेल्या सगळ्यांची नावं मिशनच्या वहीत नसतात."

"आणि उलटही खरं. वहीत असलेल्या सगळ्यांनी धरलेलं नसतं."

"अर्थात. ते मी कधी नाकारलं?"

टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले, दरबार जेमतेम उभा राहतोय तोवरच. तो टिकला असता तर या वादाला मराठीत वेगळं वळण मिळालं असतं का, हा मोहात पाडणारा प्रश्न आहे, पण त्याला आधार काही नाही. तेव्हा पुढे जावं हे बरं.

पुढचं नाव बाईंनी काढलं, आणि ते खास लोणावळ्याचं. "साधना इन्स्टिट्यूट तुम्हाला माहीत आहे. फादर अँथनी डिमेलो, जेझुइट. श्वासाकडे लक्ष द्या, आवाज ऐका, जे आहे ते पाहा, अशा साधनेतून प्रार्थनेकडे नेणारा माणूस. जगभरचे फादर आणि सिस्टर्स त्यांच्याकडे शिकायला इथे यायचे. 1987 मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. अकरा वर्षांनी, 24 जून 1998 ला, रोमच्या श्रद्धाविषयक खात्याने कार्डिनल रॅत्झिंगर यांच्या सहीने एक पत्रक काढलं. सुरुवातीच्या लेखनाचं त्यात कौतुक आहे. पण पुढच्या लेखनातल्या काही मांडणी कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत आणि वाचकांचं गंभीर नुकसान करू शकतात, असा निष्कर्ष. येशू अनेक गुरूंपैकी एक असल्यासारखा दिसतो, हा मुख्य आक्षेपांतला एक. आता, माणूस तरला की बुडाला?"

"पत्रक काय म्हणतं?"

"काहीच नाही. म्हणू शकतच नाही. कॅथलिक शिकवण माझ्या बाजूची आहे. ट्रेंटच्या सभेने 1547 मध्ये ठरवलं की प्राणघातक पापाने कृपा जाते, पश्चात्तापाने परत मिळते, आणि विशेष प्रकटीकरण नसेल तर आपण तरलोच अशी श्रद्धेसारखी अचूक खात्री कुणी बाळगू नये. पण हीच मंडळी संतांची यादी करते, नरकात गेलेल्यांची करत नाही. एकाही माणसाच्या नावाने तसा निवाडा तिने दिलेला नाही. पुस्तकावर शेरा मारता येतो, आत्म्यावर नाही."

काकांनी इथे बरोबर नेम धरला. "मग तुझी शिकवण कशाला उपयोगी पडते? तारण जातं म्हणतेस, पण कुणाचं गेलं ते कधीच दाखवता येत नाही. पेत्राने तीनदा नाकारलं. कोंबडा आरवला त्या घटकेला तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, गेला. आणि थोड्याच दिवसांत तो तळ्याकाठी त्याच धन्यासमोर उभा."

बाईंनी यावर जे उत्तर दिलं, तिथे वाद खरा पुढे सरकला. त्यांचं म्हणणं असं की इशारा हा कधी दुसऱ्याबद्दल नसतोच. इब्री लोकांस पत्र वाचून शेजारच्या बाकाकडे बोट दाखवणाऱ्याने ते वाचलेलंच नाही. फिलिप्पैकरांना पौल सांगतो की आपलं तारण भीत-कापत साधा. शेजाऱ्याचं तपासा असं सांगत नाही. "मी पडू शकते, एवढंच मला म्हणायचं आहे. तो पडला, हे म्हणायचा मला अधिकार नाही. आणि तुमचं वचनही तसंच आहे, काका. मला कुणी हिसकावणार नाही, हे मेंढराने म्हणायचं वाक्य आहे. शेजारी सुरक्षित आहे म्हणून त्याच्याकडे पाहायला जायचं नाही, यासाठी ते नाही."

"म्हणजे वचन माझ्यासाठी आणि इशाराही माझ्यासाठीच. दोन्ही एकाच माणसाला, एकाच दिवशी."

"हो. आणि तरी दोन्ही खरी कशी, हे मला कळत नाही."

"मला वाटतं मला कळतं," काका म्हणाले. "इशारे हेच टिकवण्याचं साधन आहे. देव राखतो तो इशारे देऊनच राखतो."

"पण ज्या इशाऱ्यातली गोष्ट घडूच शकत नाही, त्याला मी का घाबरावं?"

याचं उत्तर काकांकडे होतं, पण ते त्यांना स्वतःलाच पुरेसं वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले की आई पोराला दरीच्या कड्यावरून मागे हो म्हणून ओरडते तेव्हा तिने त्याचा हात आधीच धरलेला असतो. बाईंनी ते ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि आपला शेवटचा, खरा पेच समोर ठेवला.

"वचन माझं, इशारा माझा, निवाडा देवाचा, इथवर आपलं बरं जमलं. पण काही वेळा कुणाला तरी ठरवावंच लागतं. समजा, आपल्या तालुक्यातला एक तरुण आहे. आजा महार, मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेला. पोरगा दर रविवारी उपासनेला येतो. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ जवळजवळ फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. याच्या चुलत्यांनी बौद्ध धर्म घेतला, त्यांची पोरं सवलतीत शिकतात. याचं रक्त तेच, वस्ती तीच, गावाने दिलेली वागणूक तीच. बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मास्तरांनी कधी काळी 'हिंदू' लिहून ठेवलेलं आहे. वडगावच्या तहसील कचेरीत अर्ज भरताना तो धर्माच्या रकान्यात काय लिहितो? आणि जात पडताळणी समितीपुढे प्रतिज्ञापत्र करून मी हिंदू आहे असं म्हणाला, तर त्याने माणसांसमोर ख्रिस्ताला नाकारलं की नाही? सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या प्रकरणात सांगितलं की श्रद्धा ख्रिस्ती ठेवून निव्वळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. म्हणजे कोर्ट त्याला सांगतं, तू ख्रिस्तीच आहेस. आणि मंडळी त्याला सांगणार, तू ख्रिस्ती राहिला नाहीस? मी वकील म्हणून त्याला खोटं प्रतिज्ञापत्र करू देणार नाही. पण तो करून आला आणि रविवारी तुमच्या बाकावर बसला, तर तुम्ही भाकरीचं ताट त्याच्यापुढे धरणार का?"

"धरणार," काका म्हणाले. "पण पुढच्या निवडणुकीत एल्डर म्हणून त्याचं नाव सुचवणार नाही."

"हा पेच नवा नाही. रोमन सम्राट डेसियसने 250 च्या सुमारास हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना अर्पण करावं आणि दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, वय. एकावर वय 72 आणि ओळखखूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय. खाली मजकूर की मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर केलं, तसं प्रमाणपत्र द्यावं. वडगावला सेतू केंद्रात दुसरं काय असतं? काही ख्रिस्ती लोकांनी प्रत्यक्ष अर्पण केलं नाही, पैसे देऊन नुसता दाखला विकत घेतला. मी ख्रिस्ती आहे, मला हे करता येत नाही, पैसे घे आणि मला सोड, असं अधिकाऱ्याला सांगून सुटलेलेही होते. छळ थंडावल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी आले. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, मंडळीने यांना परत घ्यायचंच नाही. कार्थेजच्या सायप्रियनने 251 मध्ये सभा बोलावली. नुसता दाखला घेतलेल्यांचा एकेकाचा विचार करून त्यांना घ्यावं. प्रत्यक्ष अर्पण केलेल्यांनी प्रायश्चित्तात राहावं आणि मरणाच्या दारी त्यांना घ्यावं."

"सायप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता," काकांनी आठवण करून दिली.

"हो, आणि 258 मध्ये त्याने मान दिली. दोन्ही त्याचंच. म्हणून तर तो एकेकाची कहाणी ऐकायला बसला असेल."

"पद्धत म्हणून मला सायप्रियन मान्य आहे. एकेकाला बोलव, ऐक, घाई करू नकोस. पण प्रायश्चित्ताच्या त्या काळात तो माणूस बाहेर होता, हे मला मान्य नाही. वहीतून बाहेर असेल. त्या हातातून नाही."

"पद्धतीवर आपलं एक आहे. मग अडतं एकाच ठिकाणी. आपला तो तरुण दाखला घेतो, त्याचं मन खातं, पाळकांकडे जायचं ठरवतो, आणि जायच्या आधी एक्स्प्रेसवेवर गाडीखाली येतो. कबुली नाही, प्रभुभोजन नाही, कुणी ऐकून घेतलेलं नाही. तुम्ही म्हणणार आत होता. मी म्हणणार मला माहीत नाही. कार्थेजमध्ये मरणाऱ्याला घाईघाईने आत घेत. सगळं आधीच सुरक्षित होतं तर घाई कशाची?"

"मरणाऱ्याला दिलासा द्यायची," काका म्हणाले. "देवाचा निकाल लागायची नव्हे."

"आणि अंत्यविधीला त्याची आई तुम्हाला विचारेल तेव्हा तिला यांतलं काय सांगाल? दिलासा की निकाल?"

"मी सांगेन तो सुरक्षित आहे. आणि ते मी दिलासा म्हणून सांगत नाही, हे तिला कळलं पाहिजे."

"मी हे सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगत असताना मी उठून खोडणारही नाही. आणि उद्या त्याचा धाकटा भाऊ तोच अर्ज घेऊन माझ्याकडे आला, तर त्याला तुमच्याकडे पाठवण्याआधी मी त्याला इब्री लोकांस पत्र वाचायला लावेन."

"लाव की. पण सहाव्या अध्यायावर थांबवू नकोस, शेवटपर्यंत वाचू दे."

"दहाव्या अध्यायात पुन्हा तोच इशारा आहे, काका. आणखी कडक."